चार मांजरं, चार तऱ्हा: एकाच घरात सगळ्यांची वाटणी कशी करावी

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी चार मांजरं आहेत. तायडी बारा वर्षांची, राखाडी पट्ट्यांची. बंड्या हा पाच वर्षांचा नारंगी बोका. दाराची कडी वाजली की माणसांच्या आधी तो दारात. गंगी तिरंगी, तीन वर्षांची. आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तिला अजून पाहिलेलं नाही. आणि नंदी, काळापांढरा, सगळ्यांत धाकटा. गेल्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलं लाकडी नंदीबैल मिरवतात त्या सणाला, मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक पुढे निघून गेल्यावर एका दुकानाच्या पायरीखाली ओरडत बसला होता, त्यावरून हे नाव.

तायडी आणि बंड्या ही दोघंच होती तेव्हा मी सगळ्यांनाच एका पंगतीला बसवत होते. वाट्या शेजारी शेजारी, पाण्याचं भांडं एक, रेतीचा टब एक. दोन महिन्यांत बंड्या गुबगुबीत झाला आणि तायडी आमच्या अंथरुणावर लघवी करू लागली. घरात सगळे म्हणाले, तिने डूख धरलाय. डॉक्टरांनी लघवी तपासली, तर मूत्राशयाला सूज होती आणि जंतू एकही नव्हता. ताणामुळे मांजरांना असं होतं. औषधापेक्षा घराची मांडणी बदला, असं त्यांनी सांगितलं. मांडणी बदलली, तीन आठवड्यांत अंथरूण कोरडं राहायला लागलं. तेव्हापासून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकन रानमांजर, आणि ते एकट्याने शिकार करतं. एक उंदीर म्हणजे एका मांजराचं एक जेवण. त्यात वाटेकरी नसतो. आपली मांजरं एकमेकांशी माया करतात, एकमेकांना चाटतात, पोटाशी पोट लावून झोपतात, हे सगळं खरं. पण खाणं, पाणी, शौच आणि झोप यांत त्यांना कोणाची मिंधी होऊन राहायला आवडत नाही. मोठ्या कुटुंबात चूल एक असली तरी प्रत्येकाला आपला कोपरा लागतो, तसंच हे.

आधी आठ दिवस नुसतं बघा

काहीही विकत आणण्याआधी एक वही घ्या आणि प्रत्येक मांजराला दोन पानं द्या. दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं बसून लिहा. कुठे झोपलंय, उंचावर की पलंगाखाली? बेल वाजली की दाराकडे जातं की आत पळतं? जेवताना मान वर करून मागे बघतं का? कोण आलं की कोण वाटेतून बाजूला होतं? शेपटी कशी आहे? आपल्याकडे येताना ती झेंड्यासारखी उभी असेल तर मांजर खुशीत येतंय. पोटाखाली गेली असेल तर घाबरलेलं आहे. बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुगली असेल तर जवळ जाऊ नका.

दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या २,८०२ मांजरांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात मांजरांच्या स्वभावाचे पाच पैलू निघाले. साध्या मराठीत ते असे सांगता येतील: भित्रेपणा, चौकसपणा, दादागिरी, उतावळेपणा आणि मायाळूपणा. प्रत्येक मांजरात हे पाचही असतात, फक्त प्रमाण निराळं. मला ही विभागणी फार उपयोगी पडली, कारण 'चांगलं मांजर' आणि 'वाईट मांजर' हे शब्दच डोक्यातून गेले. बंड्यात चौकसपणा आणि दादागिरी भरपूर, भीती जवळजवळ नाही. गंगी त्याच्या अगदी उलट. तायडी मायाळू आहे, पण फक्त आमच्याशी. नंदी उतावळा, आधी उडी मारतो, मग कुठे मारली ते बघतो.

वहीत सगळ्यांत बारकाईने दादागिरी टिपा, कारण ती बहुतेक वेळा बिनआवाजाची असते. बंड्या स्वयंपाकघर आणि मागची पडवी यांच्यामधल्या उंबरठ्यावर आडवा पडायचा. शेजारच्या काकू म्हणायच्या, "किती निवांत झोपून राहिला बापा!" एकदा ओट्याशी भाजी चिरताना मी नीट पाहिलं. डोळे अर्धे मिटलेले, पण एक कान मागे वळलेला आणि शेपटीचं नुसतं टोक फरशीवर टप टप आपटत होतं. तायडी आली, चार हातांवर थांबली, बसली, उगाच पंजा चाटला आणि परत गेली. पंधरा मिनिटांत ती तीनदा आली आणि तीनदा परत गेली. कोणी फिस्कारलं नाही, कोणी पंजा उगारला नाही. पण पाणी आणि टब दोन्ही त्या उंबरठ्यापलीकडे होते, आणि तायडीला अंथरुणाशिवाय दुसरी जागा उरलेली नव्हती.

स्वभाव येतो कुठून? थोडा रक्तातून. बाप माणसाळलेला असेल तर पिल्लं धीट निघतात, त्या बापाला त्यांनी कधी पाहिलेलं नसलं तरी. बाकीचं बालपणातून. दुसऱ्या आठवड्यापासून साधारण सातव्या आठवड्यापर्यंत ज्या पिल्लाला माणसांचा प्रेमळ हात लागतो, ते माणसांना आपलं मानतं. गंगी आम्हाला इतवारीतल्या एका गोदामात चार महिन्यांची सापडली. ते दिवस निघून गेले होते. ती मांडीवर येऊन बसणारी मांजर होणार नाही, हे मी मान्य केलं आणि त्यानंतरच तिच्याशी माझी मैत्री झाली. रंगावरून मात्र स्वभाव ठरवू नका. नारंगी मांजरांत बोके जास्त असतात आणि तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, एवढं रंगावरून नक्की सांगता येतं.

मग वाटणी

टबापासून सुरुवात करा. जितकी मांजरं त्यापेक्षा एक टब जास्त, हा नियम आहे. आमच्याकडे पाच आहेत. ऐकून छाती दडपते, पण घमेल्याएवढ्या जागेत काम होतं. महत्त्वाचं हे, की पाचही टब एका रांगेत ठेवले तर मांजराच्या हिशेबी तो एकच टब. एक पडवीत, एक जिन्याखाली, एक न्हाणीघरात, असे पांगवून ठेवा, म्हणजे एका दांडगोबाला सगळ्यांची राखण करता येणार नाही. टबाची लांबी मांजराच्या दीडपट असावी, आत दोन-अडीच इंच रेती. बांधकामाची बारीक रेती चाळून, धुवून, उन्हात वाळवून घेतली तरी चालते. विकतची गोळा होणारी रेती साफ करायला सोपी. म्हाताऱ्या मांजराच्या टबाची एक बाजू कापून बुटकी करा. रोज दोनदा उपसा आणि आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुवा. काळं फिनेल कधीही वापरू नका. त्यातलं रसायन मांजराच्या यकृताला पचवता येत नाही, आणि पंजे चाटताना ते पोटात जातं. घरात कोणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं.

वाट्या एकमेकांच्या नजरेआड ठेवा. तायडी फ्रिजच्या बाजूला स्टुलावर जेवते, बंड्या खाली, नंदी पडवीत, गंगी पलंगाखाली. चौघांच्या जेवणाला वीस मिनिटं, मग वाट्या उचलायच्या. पाणी मात्र दिवसभर, तीन-चार ठिकाणी आणि खाण्यापासून लांब. पसरट मातीचं भांडं सगळ्यांत उत्तम.

उंची हा वाटणीतला असा भाग आहे जो लोक विसरतात. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही कपाटाचा माथा, खिडकीची फळी, भिंतीतलं एखादं रिकामं कपाट असे मजले तयार होतात. धीट मांजराला उंचावरून राज्य करायचं असतं आणि भित्र्याला उंचावरून सुरक्षित राहायचं असतं, म्हणून वर जायच्या वाटा दोन हव्यात. एकच वाट असेल तर वर गेलेलं अडकतं. लपायला पुठ्ठ्याचा खोका पुरतो, पण त्यालाही मागून एक भोक पाडा.

नखं घासायला ओट्याच्या किंवा टेबलाच्या पायाला जुनं बारदान घट्ट गुंडाळा, वर काथ्याची दोरी आवळा. मांजर पूर्ण ताणून उभं राहील एवढी, म्हणजे सुमारे तीन फूट उंची ठेवा आणि ते तिथेच ठेवा जिथे आत्ता सोफा ओरबाडला जातोय. बाल्कनीला जाळी लावायची तर कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी पुरेशी नाही, ती दातांनी तुटते. तारेची लावा.

खाणं

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. सासूबाईंचं म्हणणं होतं, त्यांच्या माहेरी मांजरं पिढ्यान्‌पिढ्या दूध-पोळीवर जगली. मी त्यांना एकच सांगितलं: आई, ती मांजरं उरलेलं पोट उंदरांवर भरत होती. आपली तर दाराबाहेर जात नाहीत. टॉरिन नावाचा घटक मांजराला मांसातूनच मिळतो. तो कमी पडला तर दृष्टी जाते आणि हृदयाचे स्नायू सैल पडतात. टॉरिन आणि हृदयाचा हा संबंध १९८७ साली उघड झाला. शेवटी तोडगा असा निघाला, की मांजरांचं तयार खाणं पडवीतल्या वेगळ्या कपाटात, वेगळ्या भांड्यांत. आज वाट्या भरायला सासूबाईच आधी उठतात.

चार किलोच्या, नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी पुरतात. उकडलेलं चिकन वरून थोडं दिलं तर चालतं, पण हाडाशिवाय आणि मिठाशिवाय. सावजी रस्शातला तुकडा धुवूनही देऊ नका. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. मोठ्या मांजरांना दूधही बहुधा पचत नाही.

हात कधी लावायचा

मांजराला हात लावण्याआधी विचारायचं असतं. एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर, थोडं दूर धरा आणि थांबा. नाक लावून गाल घासला तर होकार. नुसतं हुंगून मान वळवली तर नकार, आणि तो पाळायचा. गाल, हनुवटी, कानांच्या मुळाशी, या जागा बहुतेकांना आवडतात. पोट उघडं करून लोळलं म्हणजे पोटावर हात फिरवा असा अर्थ नसतो. ते फक्त विश्वास दाखवतंय. पाठीची कातडी थरथरली, शेपटी हलू लागली, कान आडवे झाले की तिथेच थांबा. 'अचानक चावली' अशी तक्रार माझ्याकडे जितक्यांनी केली, त्यांच्या मांजरांनी आधी चार वेळा सांगितलेलं होतं.

भित्र्या मांजराशी मैत्री करायची रीत वेगळी. गंगीसाठी मी रोज संध्याकाळी साडेसातला तिच्या पलंगाशेजारी, तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचे आणि वीस मिनिटं पेपर मोठ्याने वाचायचे. बघायचं नाही, बोलवायचं नाही, हात पुढे करायचा नाही. उठताना चिकनचा एक तुकडा ठेवायचा. एकोणिसाव्या दिवशी पायाच्या अंगठ्याला काहीतरी ओलं लागलं. मी हलले नाही. तिने अंगठा हुंगला, मग टाच, मग पुन्हा पलंगाखाली. दोन महिन्यांनी ती माझ्या पाठीला पाठ लावून बसू लागली, आणि आजही तिची मायेची परिसीमा तेवढीच आहे. नजरेला नजर भिडली तर डोळे सावकाश अर्धे मिटा आणि सावकाश उघडा. मांजरांच्या भाषेत ती मैत्रीची खूण आहे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली हे तपासून दाखवलं. गंगी मला आता तशीच उत्तरं देते.

बंड्यासारख्याला माया कमी आणि काम जास्त लागतं. काठीला पीस बांधून रोज दोनदा दहा मिनिटं पळवा, शेवटी त्याला पीस पकडू द्या आणि लगेच जेवायला वाढा. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप, हा मांजराचा नैसर्गिक क्रम आहे. रात्री साडेनऊला हे केलं तर पहाटे चारला छातीवर नाचणं बंद होतं.

नवं मांजर आणताना

इथे घाई केली की वर्षभर निस्तरावं लागतं. शक्य असेल तर एकाच विणीतली दोन भावंडं एकदमच आणा, हे सगळ्यांत सोपं. घरात म्हातारं मांजर असेल तर एकटं पिल्लू आणताना दहादा विचार करा. पिल्लाला खेळगडी लागतो आणि म्हाताऱ्याला शांतता. आमच्याकडे बंड्या होता म्हणून नंदी खपून गेला, नाहीतर तायडीचे हाल झाले असते.

पहिले पंधरा दिवस नवं मांजर वेगळ्या खोलीत. त्याच काळात जंताचं औषध, पिसवांचं औषध, रक्ताची तपासणी. पिसवांसाठी कुत्र्यांचं औषध मांजराला कधीच लावू नका, त्यातल्या परमेथ्रिनने मांजर दगावतं. पिल्लाला आठव्या-नवव्या आठवड्यापासून तिहेरी लस, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर.

मग वासाची ओळख. एक जुना सुती फडका नव्याच्या गालांवरून फिरवा आणि जुन्यांच्या जेवणाच्या वाटीजवळ ठेवा. त्यांचा फडका याच्याकडे. फडका बघून फिस्कारणं थांबेपर्यंत पुढे जायचं नाही. नंदीच्या फडक्यावर तायडीने पहिल्या दिवशी पंजाने पायपुसणं ओढून टाकलं, जशी ती घाण झाकते. सातव्या दिवशी ती त्या फडक्याशेजारी जेवली.

त्यानंतर बंद दाराच्या दोन्ही बाजूंना वाट्या. आधी दारापासून पाच फुटांवर, रोज थोड्या जवळ. मग जाळीच्या दारातून दर्शन. आपल्याकडे डासांमुळे बहुतेक घरांना ते असतंच. पहिल्यांदा दोन मिनिटं, तेही खाण्याच्या वेळी. शेवटी दार उघडून पाच मिनिटांची भेट, दोघांना आधी खेळवून दमवून. भेटी सुरू झाल्यावर बंड्या आणि नंदीचं बारा दिवसांत जमलं. तायडीला सहा आठवडे लागले आणि तिने नंदीला फक्त वावरायची परवानगी दिलेली आहे, मैत्री नाही. ते पुरेसं आहे.

नसबंदी टाळू नका. मादी पाच-सहा महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते आणि नऊ आठवड्यांत वितेसुद्धा. बोक्याची नसबंदी वेळेवर झाली तर भिंतींवर फवारे मारणं आणि बाहेरच्या बोक्यांशी मारामाऱ्या पुष्कळच कमी होतात. चार ते सहा महिन्यांचं वय योग्य. मायाळूपणा, खेळकरपणा, बडबड हे सगळं नंतरही तसंच राहतं.

भांडण लागलं तर

खेळातली झटापट आणि खरं भांडण यांतला फरक आवाजावरून कळतो. खेळात आवाज जवळजवळ नसतो, आळीपाळीने वरखाली होतात आणि नखं आत असतात. गुरगुर, किंकाळी, उडालेले केस दिसले की ते खरं. मध्ये हात कधीच घालू नका. आमच्याकडे दाराआड एक जुनं सूप टांगलेलं आहे. ते दोघांच्या मध्ये सरकवायचं. नजर तुटली की भांडण तुटतं. मग दोघांना दोन खोल्यांत, दुसऱ्या दिवसापर्यंत.

कधी कधी कारण घराबाहेर असतं. खिडकीतून गल्लीतला बोका दिसला आणि बंड्याने वळून शेजारच्या तायडीवर झडप घातली, असं दोनदा झालं. खिडकीच्या खालच्या निम्म्या काचेला कागद चिकटवला, प्रश्न संपला. दुसरं कारण दवाखान्याचा वास. एक मांजर डॉक्टरांकडून परत आलं की बाकीच्यांना ते परकं वाटतं. त्याला तीन-चार तास वेगळं ठेवा, स्वतःला चाटून घेऊ द्या, घरचा फडका अंगावरून फिरवा.

मांजर तुम्हाला चावलं किंवा नख खोल लागलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. भटक्या किंवा लस न झालेल्या मांजराच्या बाबतीत तर मेयो किंवा मेडिकल, म्हणजे इथलं सरकारी रुग्णालय गाठाच, रेबीजची लस तिथे मिळते.

खोड की दुखणं

स्वभाव एका रात्रीत बदलत नाही. बदलला, तर आधी दुखणं शोधा. मायाळू मांजर अचानक चिडखोर झालं तर दात, सांधे किंवा कान दुखत असेल. उडी मारणारं म्हातारं मांजर खालीच राहू लागलं तर सांधे. भरपूर खाऊनही वाळत असेल, खूप पाणी पीत असेल तर रक्त तपासा. मांजराने पूर्ण चोवीस तास काही खाल्लं नाही तर थांबू नका, विशेषतः ते लठ्ठ असेल तर. उपासाने त्याच्या यकृतात चरबी साठते.

आणि बोका टबात पुन्हा पुन्हा बसतोय, जोर करतोय, ओरडतोय, पण रेती कोरडी आहे, तर तो बद्धकोष्ठ समजून सकाळची वाट बघू नका. लघवी अडकलेली असते आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. त्याच रात्री डॉक्टरांना गाठा. घरातलं ताप-दुखीचं औषध तर नकोच. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारायला पुरते. सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं, तिथला दवाखाना आणि आपल्या जवळचे डॉक्टर, दोन्हींच्या वेळा फ्रिजवर लिहून ठेवा. न्यायची टोपली वर्षभर उघडी, आत मऊ चादर घालून ठेवावी. ज्या टोपलीत मांजर रोज झोपतं तिच्यात जायला ते भांडत नाही.

नागपूरचं वर्ष

मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. मांजर उष्णता कुत्र्यापेक्षा गुपचूप सोसतं, म्हणून तोंड उघडून धापा टाकताना दिसलं तर ती शेवटची घंटा समजा. सावलीत आणा, साध्या पाण्याने पोट, पंजे आणि कान ओले करा, पंखा लावा आणि दवाखान्याकडे निघा. बर्फाचं पाणी ओतू नका. दुपारी बारा ते पाच गच्चीचं दार बंद. कूलर सुरू करण्याआधी वायरिंग तपासून घ्या. करंट उतरलेल्या टाकीतलं पाणी प्यायला मांजरच आधी जातं. कूलरच्या बाजूंच्या ताट्या बदलताना जुन्या ताटीचा तुकडा भिजवून जमिनीवर ठेवते, बंड्या त्यावर अख्खी दुपार काढतो. गंगीला कूलरच्या घरघरीची भीती वाटते, म्हणून तिच्या खोलीत फक्त पंखा, खिडकीला ओला पडदा आणि फरशीवर पाण्याचा हात.

पावसाळ्यात अंगावर गोल टक्कल दिसलं तर नायटा असू शकतो, तो माणसांनाही लागतो. मारबत, गणपती आणि दिवाळी या आवाजाच्या दिवसांत एक आतली खोली आधीच तयार ठेवा: टब, पाणी, खोका, जाड पडदे. भित्र्याला ओढून बाहेर काढून मांडीवर घेऊ नका. लपणं हेच त्याचं औषध आहे.

संत्र्यांच्या दिवसांत घरभर सालं पडतात आणि चौघंही नाक मुरडून दुसऱ्या खोलीत जातात. कुंड्या उकरणाऱ्यासाठी मातीवर दोन सालं टाकली तर तेवढ्यापुरता उपयोग होतो. संत्र्याचं तेल मात्र मांजराजवळ नको. कुंड्यांत लिली असेल तर आजच देऊन टाका, तिचे परागसुद्धा मूत्रपिंडं निकामी करतात.

संक्रांतीचं वेगळं सांगते. बंदी असूनही गच्चीवर नायलॉन मांजा येऊन पडतोच. मांजराची जीभ काटेरी, काटे आतल्या बाजूला वळलेले. तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, फक्त गिळता येतो. जानेवारीत रोज सकाळी गच्ची झाडून घ्या. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक दिसलं तर ओढायचं नाही, कापायचंही नाही. आतडी दोऱ्यावर गोळा होऊन कापली जातात. तसंच दवाखान्यात न्या. खेळायची पिसाची काठीसुद्धा खेळ झाला की कपाटात.

गावाला जाताना

चौघांना दुसरीकडे हलवण्यापेक्षा माणूस घरी येणं बरं. मांजराला जागा सोडवत नाही. शेजारच्या काकू दोन वेळा येतात. त्यांच्यासाठी फ्रिजवर लावलेली चिठ्ठी अशी आहे:

काकू, तायडीची वाटी स्टुलावर, बाकी कोणी वर चढलं तर खाली उतरवा. बंड्या जेवला तरी जेवला नाही म्हणेल, ऐकू नका. दहा मिनिटं पीस फिरवा, मग काठी कपाटात. नंदी तुमच्या पायांत येईल, जिना उतरताना कठडा धरा. टबांत लघवीचे गोळे रोज मोजा, बंड्याचे दिसले नाहीत तर मला लगेच फोन करा, रात्र असली तरी. गंगी तुम्हाला दिसणार नाही. तिला शोधायला पलंगाखाली वाकू नका, वाटी ठेवून दार लोटून घ्या. सकाळी वाटी रिकामी असली म्हणजे ती बरी आहे.